महागाईत जन्मलेलं पोर

कालवाला तोंड उघडायला एकच कारण लागतं, पाणी. आणि मिटायलाही एकच, संकट. याखेरीज ते कुणाशी बोलत नाही. डोकं नसल्यामुळे डोकेदुखी नाही. डोळे लहानपणी होते, बिऱ्हाड थाटल्यावर गेले. पाय होता, तोही एकच. जागा पक्की झाल्यावर तो टाकून दिला. हृदय मात्र आहे, चांगलं तीन कप्प्यांचं, पण त्यातून फिरणारं रक्त बिनरंगी. तरुणपणी ते बहुतेक करून नर असतं, पुढे अंगात ताकद आली की त्यातली पुष्कळशी मादी होतात, आणि एवढी मोठी उलथापालथ होऊनही शेजाऱ्याला पत्ता नसतो. शेजारी म्हणजे तरी कोण? दुसरं कालवच, पाठीला पाठ चिकटवून बसलेलं.

आपल्या कोकणात ते ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावर भेटतं. बायका उन्हात ओणव्या होऊन, टोकदार लोखंडाने वरचं झाकण उचकटून आतला गर डब्यात जमवतात. ज्यांचे हात त्या कामात कापले आहेत त्यांना कालवाचा स्वभाव विचारावा. त्या सांगतील, जीव देईल पण जागा सोडणार नाही. अशा हटवादी प्राण्याला समुद्राचं पाणीच मानवेनासं झालंय, असं कुणी म्हणालं तर पटकन विश्वास बसत नाही. त्यातून मथळे येतात ते 'समुद्र आम्ल होतोय, शिंपले विरघळतायत' असे. ते वाचून डोळ्यांपुढे उभं राहतं ते चित्र नाट्यमय आहे, पण खोटं आहे. मोठं कालव विरघळून मरत नाही. मरतं ते त्याचं पोर, आयुष्याच्या पहिल्या काही दिवसांत, घर बांधता बांधता खंक होऊन.

ज्या पोराची ही गोष्ट आहे त्याचं गाव अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, ओरेगॉन राज्यात, नेटार्ट्स नावाच्या लहानशा खाडीकाठी. घराणं मात्र तिथलं नव्हे. पॅसिफिक कालव मूळचं जपानचं. त्या किनाऱ्याचा अस्सल भूमिपुत्र म्हणजे ओलिंपिया कालव, अंगानं चिमुकलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, सॅन फ्रान्सिस्कोत खिसे फुगलेल्या माणसांची गर्दी झाली, आणि त्यांनी कालवांवर असा ताव मारला की उत्तरेच्या विलापा खाडीतून गलबतं भरभरून माल जाऊ लागला. काही दशकांत खाड्या बोडक्या झाल्या. मग अटलांटिक किनाऱ्यावरची कालवं आणून पाहिली, ती रुजली नाहीत. शेवटी १९२०च्या दशकात जपानहून, मुख्यतः मियागी भागातून, खोकीच्या खोकी बीज यायला लागलं. हे पाहुणं वाढायला झपाट्याचं, अंगानं भरदार, पाणी कसलंही चालवून घेणारं. बाजाराला हेच हवं होतं. पाहुणं राहिलं ते कायमचं, आणि आज त्या किनाऱ्यावर कालव म्हटलं की तेच.

एकाच बाबतीत त्याचं सासर त्याला मानवलं नाही. पोरं व्हायला पाणी उबदार लागतं, आणि ओरेगॉन-वॉशिंग्टनचा समुद्र उन्हाळ्यातही हाडं गोठवणारा. विलापासारख्या मोजक्या खाड्या सोडल्या तर तिथं त्याचा वंश आपोआप वाढत नाही. म्हणून हॅचरी आली. १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून नेटार्ट्सच्या काठावर व्हिस्की क्रीक नावाची हॅचरी चालते. खाडीचं पाणी आत घ्यायचं, तापवायचं, टाक्यांत भरायचं, निवडक नर-माद्यांना ऊब देऊन अंडी सोडायला लावायची, आणि पोरं रांगती झाली की शेतकऱ्यांना विकायची. किनाऱ्यावरच्या ज्या कालव-शेतकऱ्यांची स्वतःची हॅचरी नाही, त्यातल्या बहुतेकांची शेती या एका जागेवर अवलंबून. ती विक्रीही पाहण्यासारखी असते. दोन-तीन आठवड्यांची लाखो पोरं चाळून काढतात, ओल्या फडक्यात पुरचुंडी बांधतात, आणि थंड पेटीत घालून पार्सलनं पाठवतात. मुठीत मावेल एवढ्या त्या गोळ्यात एका शेतकऱ्याचा पुढच्या तीन वर्षांचा धंदा असतो. तो ती पोरं टाकीत सोडतो, खाली जुन्या शिंपल्यांची पोती ठेवलेली असतात, पोरं एकेक शिंपला पसंत करून त्याला चिकटतात, आणि मग पाय-डोळे वगैरे टाकून देऊन गृहस्थाश्रमी होतात.

आता पोराचा जन्म.

एक मादी एका वेळी कोट्यवधी अंडी सोडते. आई म्हणून तिचं कर्तव्य तिथं संपतं. दूध नाही, ऊब नाही, राखण नाही. तिनं दिलेलं असतं ते एवढंच, अंड्यात भरलेला चरबी-प्रथिनांचा साठा. पोरानं त्या शिदोरीवर दोन दिवस काढायचे. खायला तोंडच अजून तयार नसतं, तेव्हा बाहेरून काही मिळवण्याचा प्रश्न येत नाही. या दोन दिवसांत त्याला पोहण्यासाठी केसाळ पडदा फुटायला हवा, पोट-आतडी व्हायला हवीत, आणि अंगावर कवच चढायला हवं. सूक्ष्मदर्शकाखाली हे कवच सुरेख दिसतं. काचेसारखं पारदर्शक, एक बाजू सरळ बिजागरीची, दुसरी गोलाई घेतलेली, इंग्रजी 'डी' अक्षरासारखं. रुंदी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. आत पोट हलताना दिसतं, कडेनं केसांची लगबग चाललेली असते. हॅचरीवाले त्याला 'डी' अवस्थाच म्हणतात, आणि सकाळी टाकीतला थेंब काचेवर घेऊन पोरांना डी आलाय का हे आधी बघतात. डी वाकडा, बिजागरी चेपलेली, कडा खरबरीत, असं दिसलं की त्या टाकीचं खरं नसतं.

हे कवच चुनखडीचं, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचं. जन्मापासून ४८ तासांत पोर आपल्या वजनाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास चुनखडी अंगावर चढवतं. पुढच्या सगळ्या आयुष्यात इतक्या घाईनं ते पुन्हा कधी बांधकाम करत नाही. आणि ही घाई अशा वयात, जेव्हा बांधकामाची जागा अजून नीट झाकलेली नसते. मोठं कालव पडद्याआड बसून आतल्या रसाचं रसायन स्वतःला हवं तसं राखतं आणि निवांतपणे थरावर थर घालतं. पोराच्या कवचाची कड जवळपास उघड्या पाण्यातच घडते. बाहेर पाणी जसं असेल तसा आत माल मिळतो. शिवाय हा पहिला माल ॲरागोनाइट जातीचा, चुनखडीतला लवकर विरघळणारा प्रकार. मोठेपणी कालव टिकाऊ कॅल्साइटकडे वळतं, पण तिथवर पोचायला आधी लहानपण निभावावं लागतं.

ज्यानं कधी साठवलेल्या पैशांवर घर बांधायला काढलंय त्याला या पोराची अवस्था समजावून सांगायला नको. वाळू ढिगानं पडलेली, सिमेंट मात्र रोज महाग. समुद्रात कॅल्शियमची ददात नाही, ते खोऱ्यानं ओढावं इतकं आहे. तुटवडा पडतो कार्बोनेटचा. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत जो कार्बन डायऑक्साइड सोडतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. पाण्यात गेल्यावर त्याचं कार्बोनिक आम्ल होतं, त्यातून हायड्रोजनचे आयन सुटतात, आणि हे आयन भेटेल त्या कार्बोनेटला धरून त्याचं बायकार्बोनेट करून टाकतात. सिमेंटची पोती कुणीतरी वाटेतच उचलून न्यावीत तसा हा प्रकार. उद्योगयुगाच्या आधी समुद्राच्या पृष्ठभागाचा पीएच ८.२च्या आसपास होता, आता तो ८.१पर्यंत उतरलाय. दशांशाचं एक घर. वाचायला क्षुल्लक वाटतं, पण पीएचची पट्टी अशी आहे की एवढ्याशा उतारात हायड्रोजन आयन जवळजवळ तीस टक्क्यांनी वाढतात. समुद्र आम्ल झालेला नाही, अजून तो अल्कधर्मीच आहे. पोराला त्याचं सुखदुःख नाही. त्याचा प्रश्न भावाचा आहे. तीच शिदोरी, तेवढंच घर, पण प्रत्येक कणाला जास्त ताकद खर्च होते. जी चरबी पोट-पडदा व्हायला राखून ठेवायची ती भिंतीतच संपते. तिसऱ्या दिवशी खायला तोंड तयार व्हावं तर अंगात ते चालवायचं बळ उरलेलं नसतं.

हे गणित कुणी कागदावर मांडून मग शोधलं असं नाही. पोरं आधी मेली, गणित मागून आलं. २००७च्या उन्हाळ्यात व्हिस्की क्रीकच्या टाक्यांत तळाशी मेलेल्या पोरांचा थर साचायला लागला. काही तुकड्या जगत, काही रातोरात संपत. संशय साहजिकच जिवाणूंवर गेला, कारण व्हिब्रिओ ट्युबिआशी नावाचा एक जुना गुन्हेगार हॅचरीवाल्यांच्या ओळखीचा होता आणि तो पाण्यात सापडतही होता. त्याला आळा घालायला भरपूर पैसा ओतून पाणी शुद्ध करण्याची यंत्रणा बसवली. जिवाणू गेले. पोरं मरतच राहिली. २००८ साली हॅचरीचं सुमारे तीन चतुर्थांश उत्पादन बुडालं. इकडे विलापा खाडीतही २००५ पासून ओळीनं काही वर्षं निसर्गाचं बीज धरलं नव्हतं. शेतकरी फोन करत, बीज नाही असं उत्तर मिळे. दोन्हीकडून कोंडी.

त्याच सुमारास सिएटलचे शास्त्रज्ञ रिचर्ड फीली आणि त्यांचे सहकारी कॅनडापासून मेक्सिकोपर्यंतच्या किनाऱ्याचं पाणी तपासत होते. २००८ साली त्यांनी प्रसिद्ध केलं ते असं: उन्हाळ्यात उत्तरेचा वारा लागला की तो पृष्ठभागावरचं पाणी किनाऱ्यापासून लोटतो, आणि त्या जागी खालचं थंड पाणी वर येतं. हे पाणी मुळातच कार्बन डायऑक्साइडनं जड. खोलवर जे जे कुजतं त्याचा वायू त्यात शतकानुशतकं मिसळत आलाय. तो निसर्गाचा कारभार. त्यावर माणसाची भर पडली आणि पाणी काठ ओलांडून गेलं. ॲरागोनाइट टिकू नये असं पाणी किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात पसरलेलं त्यांना मिळालं, उत्तर कॅलिफोर्नियाजवळ तर थेट पृष्ठभागावर. असं काही व्हायला अजून कित्येक दशकं आहेत असा तोवरचा अंदाज होता.

हॅचरीत ॲलन बार्टन नावाचे गृहस्थ कामाला होते. त्यांनी हे वाचलं, आणि ओरेगॉन स्टेट युनिव्हर्सिटीचे बर्क हेल्स यांच्या मदतीनं येणाऱ्या पाण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. हेल्स यांनी पाण्यातला कार्बन सलग मोजणारं यंत्र बनवलं होतं. लोकांनी त्याचं नाव 'बर्कोलेटर' ठेवलं. बर्कोलेटरनं जे दाखवलं ते एखाद्या कोळ्यानंही बोटावर सांगावं इतकं साधं होतं. उत्तरेचा वारा सुटून खालचं पाणी आलं की काही दिवसांत पोरं झुरतात. आणि एकाच दिवसात सकाळचं पाणी वाईट, दुपारनंतरचं बरं. खाडीत समुद्री गवताची कुरणं आहेत. दिवसभर उन्हात ते गवत पाण्यातला कार्बन ओढून घेतं, रात्री श्वासाबरोबर परत सोडतं. हॅचरीची माणसं मात्र शिस्तीची, सकाळी कामावर येऊन आधी टाक्या भरणारी. म्हणजे दिवसातलं सगळ्यात महाग पाणी ती पोरांच्या पदरात घालत होती, तेही नेमानं.

उपाय निघाला तो या मानानं स्वस्त. टाक्या दुपारनंतर भरायच्या, वारा बघून अंडी सोडायच्या तारखा ठरवायच्या, आणि पाण्यात सोडियम कार्बोनेट घालायचं. सोडियम कार्बोनेट म्हणजे आपला धुण्याचा सोडा. ज्या सोड्यात आपल्याकडे मळके पंचे उकळतात, त्यावर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचा कालवांचा धंदा तगला, ही गोष्ट मला त्या सगळ्या प्रकरणातली सर्वांत आवडती आहे. सोड्यानं पाण्यातलं कार्बोनेट वाढतं, भाव उतरतो, पोर घर पुरं करतं. पाण्यात ॲरागोनाइटचा माल किती मुबलक आहे हे मोजायला शास्त्रज्ञ संपृक्ततेचा आकडा वापरतात. एकाखाली गेला की उघडं ॲरागोनाइट विरघळू लागतं. पण बार्टन आणि मंडळींनी २०१२ साली जो निबंध छापला त्यात दिसलं की एकाच्या पुष्कळ वर, १.७च्या आसपासच, हॅचरीचा नफा-तोटा एका रेघेवर येतो. विरघळण्याची वेळ यायच्या कितीतरी आधी पोरं परवडेनाशी होतात. शास्त्रज्ञ जॉर्ज वॉल्डबुसर यांनी पुढच्याच वर्षी त्यामागचं ते ४८ तासांचं गणित मांडलं, शिदोरीचं आणि घाईचं.

या पोराची एक खोड हॅचरीवाल्यांना फार छळते. ते मरायचं तेव्हा मरत नाही. पहिल्या दोन दिवसांत वाईट पाणी लागलेलं पोर तग धरतं, डी आलेला असतो, पोहतंही. पाणी सुधारतं. सगळं ठीक वाटतं. आणि आठवडा-दीड आठवड्यानं, खाणंपिणं व्यवस्थित असताना, ते वाढायचं थांबतं, खाली बसतं, मरतं. बाळपणीची उधारी उतारवयात, म्हणजे वयाच्या दहाव्या दिवशी, फेडावी लागते. मेलेल्या दिवशीचं पाणी तपासून काहीच हाती लागत नाही, कारण तो दिवस निर्दोष असतो. २००७-०८ साली माणसं इतके महिने चाचपडली, त्यात या खोडीचा वाटा मोठा.

आता त्या विस्मृतीत गेलेल्या भूमिपुत्राकडे वळायला हवं. ओलिंपिया कालव मुळातच निवांत. त्याची मादी अंडी पाण्यात उधळत नाही. पोरं आपल्याच शिंपल्यात सांभाळते आणि दहा-बारा दिवसांची झाली की बाहेर सोडते. वॉल्डबुसर यांच्या गटानं ही पोरं आईपासून वेगळी काढून वाईट पाण्यात वाढवून पाहिली. वाटलं होतं, आईच्या पदराखाली असतात म्हणून वाचत असतील. पण पदर नसतानाही त्यांना फारसं झालं नाही. कारण ती कवच अत्यंत सावकाश बांधतात, आणि अंडं मोठं असल्यामुळे शिदोरीही जास्त. महागाई त्यांच्याही नशिबी तीच, पण रोजचा खर्च कमी. म्हणजे वाढीच्या ज्या झपाट्यामुळे बाजारानं पॅसिफिक कालवाला डोक्यावर घेतलं, त्याच घराण्याच्या अंगातली घाई त्याच्या पोरांच्या मुळावर आली. आणि ज्याला हळूबाई म्हणून बाजूला सारलं ते या बाबतीत सुखी. अर्थात सुखी असून उपयोग काय, उरलंय थोडं.

मोठ्या कालवाला काहीच होत नाही असंही नाही. ओहोटीला ते दारं मिटून बसतं तेव्हा त्याच्याच श्वासानं आतलं पाणी आम्ल होत जातं. त्यावर शिंपलीवर्गातल्या कित्येक प्राण्यांचा उतारा असा की आपल्याच कवचाची आतली बाजू थोडी विरघळवून रक्त ताळ्यावर आणायचं, आणि भरती आली की पुन्हा लिंपून घ्यायचं. या हिशेबानं त्याला आम्लाची सवय जन्माची आहे. पण लिंपण्याचाही भाव वाढलाच. प्रयोगांत दिसतं ते हे की आम्ल पाण्यात राहणाऱ्यांची कवचं पातळ होतात, वाढ खुंटते, खेकड्या-गोगलगायींना ती फोडायला सोपी जातात. शिणाण्यांची, म्हणजे खडकाला दोरे सोडून लटकणाऱ्या काळ्या शिंपल्यांची, तऱ्हा निराळी. त्यांचं कवच बरं राहिलं तरी दोऱ्याचं खडकाला चिकटणारं टोक दुबळं होतं, आणि लाट आली की शिणाणं जागेवरून सुटतं. ऑस्ट्रेलियात सिडनी रॉक कालवांवर काम करणाऱ्यांना मात्र थोडा दिलासा मिळाला. आईबापांना आधी वाईट पाण्यात ठेवलं तर त्यांची पोरं त्या पाण्यात जास्त बरी निघाली. आई अंड्यात काहीतरी वेगळं भरून देत असावी. सगळीच घराणी सारखी खचत नाहीत, हेही तिथंच दिसलं.

माणसांनी आपापल्या परीनं हातपाय हलवले. विलापा खाडीतल्या एका कालव-शेतकरी कुटुंबानं आपली हॅचरी थेट हवाई बेटांवर हिलोला उभारली. पोरं हवाईत जन्मतात आणि विमानानं वॉशिंग्टनला येऊन वाढतात. वॉशिंग्टन राज्याच्या गव्हर्नरांनी समिती नेमली, तिचा अहवाल २०१२ साली आला, त्यात या धंद्यावर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष ३२०० लोकांचं पोट असल्याची नोंद आहे. खाड्यांतून मोजणी यंत्रं बसली, आणि आता तिथला शेतकरी सकाळी उठून हवामानाबरोबर पाण्याचा कार्बनही बघतो.

आपल्या कोकणातल्या कालवाचं काय, हा प्रश्न मनात येणारच. जात वेगळी, आणि तूर्त नशीबही बरं. उष्ण पाण्यात कार्बन डायऑक्साइड कमी मावतो, त्यामुळे आपल्याकडच्या समुद्रात पृष्ठभागाशी कार्बोनेटची चणचण ओरेगॉनइतकी नाही. पण पावसाळ्याचे चार महिने निराळे. खाड्यांत गोडं पाणी भरतं, त्यात कार्बोनेट नावापुरतं. आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात गोवा-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत खालचं पाणी वर सरकतं, प्राणवायू जवळजवळ संपलेलं. दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ते वर्षानुवर्षं नोंदवलंय. जिथं प्राणवायू संपतो तिथं कार्बन डायऑक्साइड साचलेला असतोच, दोन्ही एकाच कुजण्याची दोन टोकं. सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी बांबूच्या सांगाड्यांवर कालवं वाढवायला घेतली तेव्हा सगळी चर्चा बाजारभावाची आणि वाहतुकीची झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. त्याच खात्यात पाण्यातल्या कार्बनच्या मोजणीची एक ओळ घालायला खर्च फार येणार नाही. ओरेगॉनला ती ओळ दोन हंगाम बुडाल्यावर घालावी लागली.

एक हिशेब उरलाय. नेटार्ट्सच्या खाडीत उन्हाळ्यात जे पाणी वर येतं, ते ताजं नसतं. पृष्ठभागावरून बुडी मारल्यावर समुद्राच्या पोटातून फिरत फिरत किनाऱ्याला लागायला त्याला तीस ते पन्नास वर्षं लागतात. २००७ साली ज्या पाण्यानं पोरं मारली, ते हवेला शेवटचं भेटलं तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सव्वातीनशेच्या आगेमागे होता. आज तो ४२०च्या वर आहे. आज बुडी मारणारं पाणी नेटार्ट्सला पोचायला अजून तीस ते पन्नास वर्षं आहेत.